मोजणीमास्तरांची पहिली पसंती

आमच्या दादाला हॉस्पिटलात सगळे मोजणीमास्तर म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्याला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. ऑपरेशनची हत्यारं जिथे धुऊन, वाफेच्या यंत्रात घालून, कापडात बांधून वर पाठवतात, त्या तळमजल्यावरच्या खोलीत तो सव्वीस वर्षं आहे. कात्र्या, चिमटे, सुऱ्या, सगळं मोजून वर जातं आणि मोजून खाली येतं. बावीस गेली तर बावीसच आली पाहिजेत. एकदा एकवीस आली. दादाने सरळ वर फोन लावला आणि पेशंटला टाके घालू नका म्हणाला. मोठ्या सर्जननी त्याला फोनवर काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाविसावा चिमटा रक्ताच्या बोळ्यांच्या बादलीत सापडला. तेव्हापासून मास्तर ही पदवी लागली.

मी त्याच हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसते. एकोणीस वर्षं झाली. नोकरी दादानेच लावून दिली. तो हे कधी बोलून दाखवत नाही; वहिनी दाखवतात.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण तिनेच घात केला. दर तीन महिन्यांनी आम्हा सगळ्यांना एक चिठ्ठी मिळते. कोणती पाळी हवी, कोणत्या वारी सुट्टी हवी, त्यावर तीन पसंत्या लिहायच्या. चिठ्ठ्या जायच्या मोठ्या सिस्टरांकडे. या सिस्टरांचं एक तत्त्व होतं: माणसाला पहिलं मागितलेलं दिलं की तो डोक्यावर बसतो. म्हणून त्या लाल पेन्सिलीने पहिली पसंती कापायच्या आणि दुसरी द्यायच्या. न चुकता. त्या रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण पुढच्या सगळ्या त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. तेव्हा आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल की खरं हवं ते दुसऱ्या नंबरला लिहायचं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. नवा माणूस भोळेपणाने खरं पहिलं लिहितो, तीन महिने रात्रपाळी भोगतो, आणि कानाला खडा लावतो. त्यातही कसब आहे हो. पहिली मागणी अगदीच खोटी दिसता कामा नये. सिस्टरांना कापताना बरं वाटलं पाहिजे.

दादाची एकुलती एक मुलगी म्हणजे ठकी. चांगलं नाव ठेवलंय, शाळेच्या दाखल्यावर आहे, घरात कोणी वापरत नाही. ठकीला डॉक्टर व्हायचं होतं. आता डॉक्टर व्हायचं गल्लीतल्या प्रत्येक पोराला असतं, निदान आईबापांना तरी असतं. पण हिचं तसं नव्हतं. ही आठवीत असताना दादाला म्हणाली होती, "बाबा, तुम्ही बांधलेलं गाठोडं वर कोण सोडतं? मला ते सोडायचंय." दादा सव्वीस वर्षांत एकदाही ऑपरेशनच्या खोलीत गेलेला नाही. त्याची हद्द दारातल्या लाल पट्टीपर्यंत. तिथे ट्रे ठेवायचा आणि मागे फिरायचं. पोरीने ती पट्टी ओलांडावी, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं.

मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या पहिल्या वर्षी त्याने जिवाचं रान केलं. पहाटे साडेचारला उठून चहा करायचा आणि तिच्या समोर खुर्ची टाकून बसायचा. "तू काय करतोस रे इथे?" म्हटलं तर म्हणायचा, "सोबत." त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला. पण प्रश्नसंच हातात घेऊन प्रश्न वाचायचा, ती उत्तर द्यायची, मागच्या पानावर बघून हा म्हणायचा "बरोबर." वर्षभर असं घोकून घोकून एकदा त्याने लिफ्टमध्ये एका शिकाऊ डॉक्टरचं हाडाचं नाव दुरुस्त केलं. तो पोरगा बघतच राहिला.

रविवारी सराव परीक्षा. दादा पर्यवेक्षक. दार बंद, फोन बंद, कुकरची शिट्टी बंद. एकदा ठकीने पाणी मागितलं तर हा म्हणतो, "परीक्षार्थीने आधी हात वर करावा." वहिनी आतून म्हणाल्या, "पर्यवेक्षकांनी हात खाली करावेत आणि भाजी चिरावी." ठकी पेपर बाजूला ठेवून इतकी हसली की दादाने तिची पाच मिनिटं कापली.

त्या वर्षी अकरा मार्क कमी पडले. अकरा! ठकी रडली नाही. दादा रडला, बाथरूममध्ये नळ सोडून. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही असा सगळ्या पुरुषांचा समज असतो. बाहेर आला आणि म्हणाला, "आणखी एक वर्ष." ठकी म्हणाली, "बाबा, एकच हं. तिसऱ्यांदा मला जमणार नाही. मी वेडी होईन."

आणि ते दुसरं वर्ष! पोरीची नखं चावून चावून बोटं सुजली होती. तिच्या मैत्रिणी कॉलेजात जायला लागल्या, ही त्याच टेबलाशी, तीच पुस्तकं. कोणाकडे लग्न नाही, बारसं नाही. माझ्या नवऱ्याच्या साठीलाही अर्धा तास आली, घास खाऊन गेली. आणि पोरीने करून दाखवलं! आमच्या गावचं मेडिकल गेल्या वर्षी जितक्या मार्कांवर बंद झालं होतं त्याच्या वर तब्बल वीस मार्क. दादाने सगळ्या हॉस्पिटलभर पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण पेढे म्हणे प्रवेश हातात पडल्यावर. एवढा सावध माणूस!

आता उरला होता फक्त फॉर्म. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, बस्स. दादा ठकीला म्हणाला, "तू मामाकडे जा, चार दिवस झोप काढ. परीक्षा तुझी होती, कारकुनी आमची." ठकीने जाताना रेघी कागदावर सात कॉलेजं लिहून दिली. सातही मेडिकलची, पहिलं आपल्या गावचं. खाली लिहिलं, 'दुसरं काहीही टाकू नका', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. मामाकडून मला फोनही केला. "आत्या, बाबांना कॉम्प्युटरचं एका बोटाचं काम. तू बस त्यांच्याबरोबर. कागदावर आहे तस्संच भरा हं." मी म्हटलं, "हो गं बाई, किती वेळा सांगशील!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादा माझ्या खोलीत आला. मी खिडकीचं शटर ओढून घेतलं, कॉम्प्युटरवर ते पान उघडलं आणि म्हटलं, "काढ कागद." त्याने कागद काढला पण देईना.

"अगं, हे असंच्या असं भरायचं?"

"मग कसं भरायचं?"

"म्हणजे जे खरंच हवंय ते पहिल्या नंबरला? उघड उघड?"

आता मला अक्कल असती तर मी म्हटलं असतं, दादा, इथे मोठ्या सिस्टर बसलेल्या नाहीत, हे यंत्र आहे, ज्याला जास्त मार्क त्याला आधी विचारतं. पण एकोणीस वर्षं मीही त्याच चिठ्ठ्या लिहीत आले होते. मला ते पटलं. पटलं काय, मी उडीच मारली. म्हटलं, "खरंच की रे! कोणीतरी वर बसलेलं असणारच."

दादाने माहितीपुस्तिका आणली होती, नव्वद पानी. त्याने ती हत्यारांच्या यादीसारखी वाचली होती, वाचलेल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बरोबर खूण. त्यातली एक ओळ त्याने मला वाचूनही दाखवली: पहिली पसंती मिळाल्यास ती अंतिम समजण्यात येईल व पुढील फेऱ्यांत भाग घेता येणार नाही. वाचली आणि म्हणाला, "छापायला काय जातं? आपल्या चिठ्ठीवरही छापलेलं असतं, 'मागणीचा विचार केला जाईल.' करतात का?"

मी म्हटलं, "करतात की. लाल पेन्सिलीने." आणि आम्ही दोघं हसलो. हो, हसलो. खोटं कशाला बोलू.

"पण मग पहिलं काय टाकायचं?" दादा म्हणाला. "खरं वाटलं पाहिजे. आणि गेलं तर दुःख नको."

तेव्हा हे मी म्हटलं. मीच म्हटलं. "डेंटल टाक. तीन तासांवरच्या गावातलं. दाताचं म्हणजे खरं वाटतं, आणि कापलं तर आपलं काय जातंय?"

दादा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. त्या दोन रेघांकडे बघत असावा. मग म्हणाला, "टाक." मीच टाईप केलं. डेंटल एक नंबरला, त्याखाली ठकीची सातही, एकेक खाली सरकवून. कॉम्प्युटरने विचारलं, खात्री आहे का? मी हो म्हटलं. त्या मेल्याने पुन्हा विचारलं, नंतर बदल करता येणार नाही, खात्री आहे का? बाहेरून कोणीतरी शटरवर टकटक करत होतं. मी ओरडले, "जेवू तरी द्या हो माणसाला!" आणि बटण दाबलं.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "तिने लिहिलं होतं तसंच भरलंत ना?" दादा म्हणाला, "त्याहून चांगलं भरलंय." वहिनी म्हणाल्या, "त्याहून चांगलं काय असतं? तिला विचारलंत?" दादाने टीव्हीचा आवाज वाढवला.

यादी लागली तेव्हा ठकी घरी होती. फोनवर तिला एकच ओळ आली: कॉलेजचं नाव, डेंटल. पसंतीचा नंबर त्या ओळीत नव्हता. ती कितीतरी वेळ फोन वरखाली करत राहिली. मग म्हणाली, "मार्क कमी पडले असणार. तुम्ही सगळ्यांत शेवटी डेंटल टाकून ठेवलंत म्हणून निदान हे तरी मिळालं. या वर्षी सगळं वर गेलं असणार." आणि दोन वर्षांत जी रडली नव्हती ती पोरगी आडवी पडून रडली. "मी तो शेवटचा पेपर घाई करून दिला, बाबा. मी आणखी दहा मार्क काढायला हवे होते. सॉरी बाबा."

सॉरी म्हणाली! त्याला!

मी दादाला बाहेर ओढलं. "सांग तिला." तो म्हणाला, "आधी ऑफिसात जाऊन येऊ. बदलून मिळेल." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्रवेशाच्या ऑफिसात गेलो. टेबलाशी एक तरुण कारकून होता, सभ्य होता बिचारा. दादा त्याला म्हणाला, "साहेब, पहिली पसंती आमची खरी नव्हती."

"खरी नव्हती म्हणजे?"

"म्हणजे ती कापावी म्हणून लिहिली होती."

"कोणी कापावी?"

दादा त्याला ड्यूटीची चिठ्ठी, सिस्टर, लाल पेन्सिल सगळं समजावून सांगायला लागला. मागे रांग खोळंबली. कारकुनाने शांतपणे सगळं ऐकलं, मग दादाच्याच हातातली पुस्तिका घेतली, पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "काका, ही ओळ तुम्ही वाचलेली दिसते. खूण आहे." आणि मग म्हणाला, "तुमच्या मुलीला तुमच्या गावचं मेडिकल आरामात मिळत होतं. तिच्याहून अठरा मार्क कमी असलेल्यांनाही तिथे मिळालंय."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही. पण मला राग कशाचा येतो सांगू? आमचा जन्म गेला वरच्यांनी कापलेलं बघण्यात. नियम छापायचे एक आणि वागायचं दुसरं, हेच बघत केस पांढरे झाले. आणि आयुष्यात एकदा, एकदाच कोणीतरी छापल्याप्रमाणे वागलं, ते नेमकं आमच्या पोरीच्या मुळावर आलं. कोणाला शिव्या द्यायच्या? द्यायला समोर माणूसही नाही.

पाच दिवस आम्ही तिला काही सांगितलं नाही. दादा म्हणायचा तू सांग, मी म्हणायची बाप तू आहेस. तिसऱ्या दिवशी तिच्या एका मैत्रिणीला आपल्या गावचं मेडिकल मिळाल्याचं कळलं. तिला ठकीपेक्षा कमी मार्क. ठकी गोंधळली. "बाबा, असं कसं?" दादा म्हणाला, "त्यांचं काहीतरी वेगळं असेल." वहिनी तेवढ्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी चहाचे कप उचलून आत नेले.

सहाव्या दिवशी डेंटल कॉलेजात हजर व्हायचं होतं. ठकी, दादा आणि मी गेलो. तिसऱ्यांदा जमणार नाही हे ती आधीच बोलून बसली होती, तेव्हा मिळेल ते घ्यायचं असं तिने मनाशी ठरवलं होतं. बसमध्ये तर तिने दादाचीच समजूत काढली. "असू दे बाबा. दात पण माणसाचेच असतात." काउंटरवरच्या बाईंनी कागद तपासले, तोंड भरून हसल्या आणि म्हणाल्या, "वा! अभिनंदन! पहिलीच पसंती! आमच्याकडे पहिली पसंती म्हणून येणारी फार थोडी असतात हो. इथे सही कर, बाळ."

ठकीने छापील कागद हातात घेतला. एक नंबरला डेंटल. मग तिची सात, ओळीने, तिने लिहिली होती तशीच. तिने तो वरून खाली वाचला, पुन्हा वाचला. दादा खाली फरशीकडे बघत होता. मला वाटलं आता ही किंचाळेल, कागद फाडेल. तसं काही नाही. तिने पेन मागितलं, सही केली, आणि त्या बाईंना "थँक्यू" म्हणाली.

परत येताना ती बसमध्ये दुसऱ्या बाकावर बसली. घरी पोचलो, चपला काढल्या, आणि मग तिने विचारलं. आवाजही चढवला नाही. "कोणी भरलं ते?"

दादा म्हणाला, "मी."

"मी कागद दिला होता ना बाबा?"

"दिला होतास."

"मग?"

दादा ड्यूटीच्या चिठ्ठीबद्दल काहीतरी बोलायला लागला आणि मधेच थांबला. तिच्यासमोर ते त्यालाच किती हास्यास्पद वाटलं असेल! ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे असे होते की, काय सांगू, घरातल्या सगळ्यांनी हात सोडल्यावर माणूस शेवटच्याकडे बघतं तसे. "आत्या, तू होतीस ना तिथे? तू बघितलंस?"

आणि मी म्हटलं, "अगं, मी खिडकीवर होते. इतकी गर्दी होती त्या दिवशी. त्याने काय भरलं ते मी बघितलंच नाही गं."

तोंडातून निघून गेलं. मागे घ्यायला वेळ होता, अगदी दोन-चार क्षण होता. दादाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मोजताना बघतो तसं बघितलं. मग पोरीला म्हणाला, "हो, ती खिडकीवर होती. तिचा काही संबंध नाही. सगळं मी केलं." वहिनी उठून आत गेल्या.

याला वर्ष झालं. ठकी त्या गावात होस्टेलवर राहते. पंधरा दिवसांनी रविवारी येते, पण घरी जात नाही, माझ्याकडे येते. माझ्याकडे जेवते, माझ्याकडे झोपते, आईला इथेच बोलावून घेते. बापाशी हो-नाहीपुरतं, तेही फोनवर. सोमवारी सकाळी दादा माझ्या खिडकीशी येतो, पेशंटांच्या रांगेच्या बाजूला उभा राहतो आणि विचारतो, "आली होती का? बारीक झालीय का? काही म्हणाली का?" मी सांगते, "बरी आहे." तो "बरं" म्हणतो आणि खाली जातो. वर्षभरात एकदाही, एकदाही त्याने त्या दिवसाचं नाव काढलेलं नाही. काढलं असतं, चार शिव्या घातल्या असत्या, तर मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. कधीकधी वाटतं, हा मुद्दाम गप्प बसतो मला छळायला. पण तो तसा नाही, हे मला पक्कं माहीत आहे, आणि तेच सहन होत नाही. अनेकदा ठरवलं की या रविवारी सांगायचं. ती दारातून आत येते, "आत्या, भूक लागलीय" म्हणते, आणि मी कुकर लावायला जाते. सांगितलं तर ही माझ्याकडे तरी येईल का? मग कोणाकडे जाईल?

परवा जेवताना ती म्हणाली, "आत्या, या सगळ्यांत माझ्याशी खरं वागलेली तू एकटीच. त्या दिवशी तू बाबांच्या शेजारी बसली असतीस ना, तर हे झालंच नसतं. हो ना?"

मी तिच्या ताटात भात वाढत होते. म्हटलं, "नसतं झालं गं."